पट्ट्यावरच्या मोटरचा हिशेब : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

८ जून, रविवार

साताऱ्याहून दादाचा फोन. वहिनीसाठी गाडी घ्यायची आहे, दसऱ्याच्या मुहूर्तावर. शाळा कोरेगावला, रोजचं जाणं-येणं, एसटीच्या वेळा जुळत नाहीत. "अगं, शोरूमवाला म्हणतो वरच्या व्हेरियंटला हायब्रिड आहे, खालच्याला नाही. लाखाच्या वर फरक आहे. तुझीपण हायब्रिडच ना? पैसे वसूल झाले का?"

हो म्हणणार होते, पण तोंडातून शब्दच फुटला नाही. गाडीला तीन वर्षं झाली. मी दिवसभर चिंचवडच्या कारखान्यात मायक्रोमीटर आणि डायल गेज कॅलिब्रेट करते, मायक्रॉनच्या चुकीसाठी लोकांची सर्टिफिकेटं परत पाठवते, आणि स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज कुणी विचारलं तर सांगते, "बरं पडतं."

दादाला म्हटलं, दसऱ्याला वेळ आहे, मोजून सांगते. तो हसला. ही वही त्यासाठी.

११ जून, बुधवार

आधी वस्तू काय आहे ते लिहून ठेवते, कारण दादाला 'हायब्रिड' या शब्दावरून वाटतंय की गाडी थोडा वेळ तरी विजेवर चालते. चालत नाही. माझ्यासारख्या माइल्ड हायब्रिड गाडीतली मोटर गाडीला स्वतःच्या बळावर एक इंचसुद्धा पुढे नेत नाही.

बॉनेट उघडलं की जिथे अल्टरनेटर दिसतो, तिथेच ही मोटर बसवलेली असते, तशीच पट्ट्याने इंजिनाला जोडलेली. एरवी ती अल्टरनेटरचं काम करते. सिग्नलला इंजिन बंद झालं की तेच यंत्र मोटर बनून इंजिन चालू करतं, म्हणून सेल्फचा घर्र आवाज येत नाही. ब्रेक लावताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर वीज बनवतं आणि पुन्हा वेग घेताना थोडा हातभार लावतं. ही वीज साठवायला नेहमीच्या बॅटरीखेरीज सीटखाली एक छोटी लिथियम बॅटरी असते. माझ्या गाडीत ती १२ व्होल्ट, ६ अँपिअर-तासांची आहे. गुणाकार केला तर ७२ वॅट-तास. म्हणजे घरातला छताचा पंखा जेमतेम तासभर फिरेल. बाराशे किलोच्या गाडीला एवढ्या शिदोरीवर कुठे जाता येणार?

महागड्या गाड्यांत ४८ व्होल्टची जात असते. मर्सिडीजची सध्याची सी-क्लास तशी आहे, आपल्याकडे २०१९ मध्ये एमजी हेक्टरमध्येही ती आली होती. त्यातली मोटर बरीच ताकदवान असते, आणि व्होल्टेज ६० च्या आत असल्यामुळे पूर्ण हायब्रिडसारख्या (जी थोडं अंतर नुसत्या विजेवर चालू शकते, ती) उच्चदाबाच्या केबली आणि बंदोबस्त लागत नाही. पण वहिनीच्या बजेटात आहे ती १२ व्होल्टवाली. तेवढंच मोजायचं.

१५ जून, रविवार

तुलनेसाठी जोडी सापडली आणि तीही आमच्याच सोसायटीत. जाधव काकांची गाडी आणि माझी गाडी एकच मॉडेल, तेच दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, दोन्ही मॅन्युअल. माझीत पट्ट्याची मोटर आहे, त्यांचीत नाही. (मॉडेलचं नाव वहीत घालत नाही. ही वही दादा त्याच्या मित्रांना दाखवणार, आणि मग गाडीच्या कंपनीवरून भांडणं सुरू होणार.)

अशी जोडी मुळात तयार कशी होते, ते मारुतीच्या ब्रेझाच्या गोष्टीवरून चांगलं कळतं. २०२० मध्ये पेट्रोल ब्रेझा आली तेव्हा ही यंत्रणा फक्त ऑटोमॅटिकला होती, मॅन्युअलला नव्हती. त्यामुळे कागदावर ऑटोमॅटिक लिटरला १८.७६ किलोमीटर आणि मॅन्युअल १७.०३, असं उलटंच चित्र. २०२२ च्या नव्या मॉडेलमध्ये मॅन्युअललाही मिळाली. २०२३ च्या मध्यात मॅन्युअलमधून काढून टाकली, आणि २०२४ च्या सुरुवातीला फक्त वरच्या व्हेरियंटना परत दिली. आज कागदावर मॅन्युअलचे आकडे असे: मोटरशिवाय १७.३८, मोटरसह १९.८९. फरक साडेचौदा टक्क्यांच्या जवळ. काढली आणि पुन्हा बसवली, तरी गिऱ्हाइकांनी रस्त्यावर उतरून आरडाओरडा केल्याचं ऐकलं नाही. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मुलगा बंगळुरूला, गाडी त्यानेच घेऊन दिली. प्रयोगाचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "आमच्या डेपोत दहा लिटरला किती किलोमीटर पडले ते बोर्डावर लावायचे. माझं नाव कधी खाली नव्हतं, पोरी."

नियम ठरवले. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, पहिल्या कटला थांबायचं, वरून ठोकून भरायचं नाही. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी एकाच गेजने. गाडीच्या डिस्प्लेवरचा ॲव्हरेजचा आकडा लिहायचा, पण मानायचा नाही. आधी दोघांनी आपापली गाडी चालवायची, मग पाच आठवडे गाड्या बदलायच्या.

बदलायच्या का, हे काकांना समजावायला चहाचे दोन कप लागले. माझा रस्ता कर्वेनगर ते चिंचवड, नुसते सिग्नल. त्यांचा रस्ता सकाळी सात वाजता पौडकडे शेतावर. दोन गाड्यांची थेट तुलना केली तर गाडीतला फरक कुठला आणि रस्त्यातला कुठला, कळायचं नाही. गाड्या बदलल्या की प्रत्येक माणसाची, त्याच्या रस्त्यासकट, स्वतःशीच तुलना होते.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या शहरात. गाडी काढण्यात अर्थ नाही, म्हणून कागदावरचं काम.

आपल्याकडे या तंत्राची सुरुवात २०१५ ची, मारुतीच्या डिझेल सियाझपासून. २६.२१ वरून २८.०९ झाली. मग डिझेल अर्टिगा, २०.७७ वरून २४.५२. तेव्हा केंद्राच्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडलाही तेरा हजारांपर्यंत अनुदान मिळत होतं. एप्रिल २०१७ पासून डिझेल माइल्ड हायब्रिड त्यातून वगळली, आणि त्याच जुलैत जीएसटी आल्यावर या मोठ्या हायब्रिड गाड्या सेस धरून ४३ टक्क्यांत गेल्या. दोन वर्षांत लाडकी ते नावडती.

दादाला समजेल असं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बलेनोचं. २०१९ मध्ये बलेनोला नवीन ड्युअलजेट इंजिन आणि ही यंत्रणा अशी जोडगोळी मिळाली. साध्या पेट्रोलचं प्रमाणित ॲव्हरेज २१.०१, हिचं २३.८७, आणि किंमत जवळपास नव्वद हजारांनी जास्त. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर पेट्रोल वाचतं ५७ लिटर. त्या काळच्या पंचाहत्तर रुपयांच्या भावाने सव्वाचार हजार. नव्वद हजार वसूल व्हायला एकवीस वर्षं!

पुढची गोष्ट जास्त बोलकी. २०२२ च्या नव्या बलेनोत ड्युअलजेट इंजिन राहिलं, मोटर आणि लिथियम बॅटरी गेली, सिग्नलला इंजिन बंद करायची सोय मात्र ठेवली. मॅन्युअलचा आकडा २२.३५. गाडी बदललेली असल्यामुळे वजाबाकी काटेकोर नाही, पण २१.०१ ते २३.८७ या उडीतला निम्म्याच्या आसपासचा भाग बॅटरी-मोटरशिवायच मिळाला, एवढं दिसतं.

२९ जून, रविवार

ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे फोनच्या ॲपवर दाखवणारं यंत्र) लावून नुसत्या उभ्या गाडीला किती पेट्रोल लागतं ते पाहिलं. ॲपचा आकडा हा अंदाज असतो, हे लिहून ठेवते. एसी बंद, इंजिन गरम: तासाला सुमारे ०.७ लिटर. एसी चालू: १.१ च्या आसपास.

म्हणजे नव्वद सेकंदांच्या सिग्नलला इंजिन बंद राहिलं तर साडेसतरा मिलिलिटर पेट्रोल वाचलं. चहाच्या चमच्याने मोजलं तर साडेतीन चमचे. १०४ रुपयांच्या भावाने एक रुपया ब्याऐंशी पैसे.

शुक्रवारी ऑफिसला जाताना स्टॉपवॉच घेऊन बसले. सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक, औंध असं करत चिंचवडपर्यंत इंजिन बंद राहिलं एकूण सहा मिनिटं. साधारण सात रुपये. हे एसी बंद आणि काचा थोड्या खाली असताना. परतताना पाऊस लागला, काचेवर वाफ धरली, एसी लावला. आता इंजिन बंद व्हायचं, पण अर्ध्या मिनिटात आपोआप चालू, कारण एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो. तो थांबला की आतली हवा गरम. परतीची बेरीज दोन मिनिटंही भरली नाही.

फायदा कमी पडण्याचं आणखी एक कारण मी स्वतः. मॅन्युअल गाडीत गिअर न्यूट्रलला आणि क्लचवरून पाय काढलेला असेल तरच इंजिन बंद होतं. आणि पुण्यात सिग्नलला क्लचवरून पाय काढून कोण बसतं? पहिला गिअर टाकून, गाडी इंच-इंच पुढे सरकवत, समोरचा आकडा तीनवर आला की हॉर्न. मीही त्यातलीच.

कंपनीच्या ब्रोशरमधला आकडा ज्या चाचणीतून येतो, तिचा शहरी भाग १९५ सेकंदांच्या फेऱ्यांचा असतो, त्यात सुमारे साठ सेकंद गाडी नुसती उभी असते, आणि एसी बंद असतो. अशा परीक्षेत ही यंत्रणा वर्गात पहिली येणारच. आमच्या खिडकीतून गाड्यांच्या अशा चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेची टेकडी दिसते. इतकी वर्षं त्या नावाशी माझा संबंध सकाळच्या फिरण्यापुरता होता.

१२ जुलै, शनिवार

मावशीकडे पनवेलला. ही टाकी हिशेबात धरणार नाही, पण घाट फुकट घालवायचा नाही असं ठरवलं होतं. ब्रेकमधून वीज बनते ना, मग बोरघाटाएवढी संधी दुसरीकडे कुठे मिळणार?

लोणावळ्याहून निघताना डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन कांड्या होत्या. उताराला लागल्यावर चाकाकडून बॅटरीकडे जाणारा बाण सतत पेटलेला. बघायला मजा येते. अमृतांजन पूल होता त्या जागेच्या जरा पुढे गेल्यावर सगळ्या कांड्या भरल्या आणि बाण विझला. निम्म्याहून जास्त घाट अजून खालीच होता. उरलेली सगळी उतरण्याची ताकद ब्रेकच्या डिस्कमधून आणि इंजिनाच्या रोधातून गरम हवा होऊन खोपोलीच्या पावसात.

आकडेमोड मावशीच्या जेवणाच्या टेबलावर केली. तीन माणसांसह साडेतेराशे किलो, उतार पाचशे मीटरच्या वर. उपलब्ध ऊर्जा साधारण १.८ युनिट. बॅटरीची क्षमता ०.०७ युनिट. मावशी म्हणाली, "म्हणजे धरणाखाली तांब्या धरलास." मी वहीत तेच लिहून घेतलं.

शहरात मात्र तांब्या पुरतो, हेही खरं. पन्नासच्या वेगातून गाडी थांबवली तर जास्तीत जास्त ३०-३२ वॅट-तास हाती लागू शकतात, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी. तेवढं त्या बॅटरीत बसतं.

२० जुलै, रविवार

पहिला टप्पा संपला.

मी, माझी मोटरवाली गाडी: १,०८६ किमी, ७४.४ लिटर. ॲव्हरेज १४.६.
काका, त्यांची साधी गाडी: ७४२ किमी, ४९.८ लिटर. ॲव्हरेज १४.९.

काकांनी आकडा पाहिला, काही बोलले नाहीत, फक्त सुपारी कातरत राहिले. रस्ता वेगळा आहे म्हणून मी समजावत होते, तेव्हा म्हणाले, "रस्ता तर वेगळा आहेच." पुढे काहीच नाही. हे जास्त लागलं.

किल्ल्या बदलल्या. दोन्ही टाक्या फुल्ल.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रयोगात घोळ, आणि आज कळला.

सहा ऑगस्टला पावसात माझी गाडी काकांकडे असताना सुरूच होईना. तीन वर्षांची मुख्य बॅटरी संपली होती. यात कुणाचा दोष नाही, तिचं वय झालं होतं. काकांनी मला त्रास नको म्हणून आठ तारखेला ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने साधी, स्वस्तातली बॅटरी बसवून दिली. काका खूश, कारण घासाघीस करून अडीचशे रुपये कमी केले होते.

आज मी सहज त्यांच्याबरोबर कोथरूडपर्यंत गेले. चार सिग्नल लागले, इंजिन एकदाही बंद झालं नाही. "काका, कधीपासून?" "बॅटरी बदलल्यापासून. मला वाटलं बरं झालं, ती मधेमधे बंद पडायची कटकट गेली."

सिग्नलला बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना मुख्य बॅटरीही वेगळ्या प्रकारची लागते. दिवसात पन्नास वेळा इंजिन बंद असताना दिवे, पंखा, वायपर तिच्यावर चालतात, त्या भाराला ती टिकली पाहिजे. साध्या बॅटरीपेक्षा ती मला दोन हजारांनी महाग मिळाली. आज योग्य ती बसवून घेतली, सिग्नलची सोय पुन्हा सुरू झाली. हे दोन हजारही हिशेबात जाणार. शोरूममध्ये गाडी विकताना हा आकडा कुणी सांगत नाही. सीटखालच्या लिथियम बॅटरीची किंमत पार्ट्सच्या काउंटरवर विचारली तर आकडा पाच अंकी होता. ती सहसा बदलावी लागत नाही, असं त्याने लगेच जोडलं.

काकांना वाईट वाटलं. मीच म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका. कारण इलेक्ट्रिशियनच्या शेजारीच आपला नेहमीचा पंप, आणि जुन्या सवयीने काकांनी काम झाल्या झाल्या टाकी फुल्ल करून डायरीत किलोमीटर लिहिले होते. आजही आधी टाकी फुल्ल केली, मगच बॅटरी. म्हणजे मधली टाकी सगळी त्या अवस्थेतली, ज्यात सिग्नलला इंजिन बंद होत नव्हतं, पण डिस्प्लेवर ब्रेकची वीज आणि मोटरचा हातभार चालू दिसत होता. असा प्रयोग मी मुद्दाम ठरवला नसता.

२४ ऑगस्ट, रविवार

दुसरा टप्पा पूर्ण.

मी, काकांची साधी गाडी: १,१२४ किमी, ८२.० लिटर. ॲव्हरेज १३.७.
काका, माझी गाडी, दोन चांगल्या टाक्या मिळून: ४१८ किमी, २६.१ लिटर. ॲव्हरेज १६.०.
काका, माझी गाडी, घोळाची टाकी: ३४१ किमी, २२.४ लिटर. ॲव्हरेज १५.२.

माझ्या रस्त्यावर मोटरमुळे १३.७ चे १४.६, साडेसहा टक्के. काकांच्या रस्त्यावर १४.९ चे १६.०, सव्वासात टक्क्यांच्या वर. कागदावरच्या साडेचौदांच्या निम्मं. पंपाच्या कटमध्ये एका टाकीला पाव लिटर इकडेतिकडे होतं, म्हणून दशांश चिन्हापुढचा आकडा मी न्यायालयात शपथेवर सांगणार नाही. पण दोघांचाही फरक एकाच दिशेला आणि जवळपास सारखा, म्हणजे मोटर काहीतरी करते, हे नक्की. तिला थोतांड म्हणणाऱ्यांशीही माझं जमणार नाही.

घोळाची टाकी बघा. सिग्नलची सोय गेली तर १६.० चे १५.२. साध्या गाडीचे १४.९. म्हणजे फायद्यातला मोठा वाटा सिग्नलला इंजिन बंद होण्याचा. ब्रेकमधली वीज, वेग घेतानाचा हातभार, डिस्प्लेवरचे ते देखणे बाण, यांच्या वाट्याला उरलं फार थोडं. एकाच टाकीवरून हे म्हणते आहे, पण २९ जूनच्या साडेतीन चमच्यांशी जुळतं.

आणि इंजिन तर चावीनेही बंद करता येतं. दिल्लीत २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी सरकारी मोहीमच झाली होती. काकांना विचारलं, तुम्ही का नाही करत? "सेल्फ किती वेळा मारायचा? सेल्फ जाईल, बॅटरी जाईल." हे उत्तर बरोबर आहे. पट्ट्याच्या मोटरची खरी करामत इथेच आहे, की ती दिवसाला शंभर वेळा इंजिन चालू करते, आवाज न करता, कुरकुर न करता. एवढ्याच कामासाठी तिला मी मार्क देईन.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरींचं आगमन, सकाळी लवकर फुलं आणायला काकांबरोबर मंडईकडे. गाडी माझी, चालवायला काका. मी फक्त त्यांचे पाय बघत होते.

दूरवर लाल दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो. ब्रेक नाही, क्लच नाही, गाडी गिअरमध्येच घरंगळत येते. अशा वेळी इंजिनाला पेट्रोल जवळपास जातच नाही. मागचा हॉर्न वाजवतो, काकांना ऐकू येत नाही असं ते दाखवतात. सिग्नलपाशी पोचेपर्यंत अर्ध्या वेळा हिरवा झालेला असतो, गाडी पूर्ण थांबतच नाही. मी त्याच ठिकाणी आधी घाईने पोचून, ब्रेक दाबून, मग थांबून पेट्रोल वाचवत असते.

पुढचे पंधरा दिवस मी असं चालवून बघणार. माझी गाडी, माझा रस्ता.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल जीएसटी परिषदेचा निर्णय, २२ सप्टेंबरपासून लागू. पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत असेल तर १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल गाड्यांना सरळ ४० आणि सेस रद्द. दादा बघतोय ती गाडी चार मीटरच्या आतली, पण इंजिन दीड लिटरचं. आतापर्यंत सेस धरून ४५ टक्के लागायचे, आता ४०. किंमत साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरणार. अकरा लाखांच्या गाडीला ३८ हजारांच्या आसपास.

मोटर दादाला वर्षाला किती वाचवेल, तेही मांडलं. वहिनीचं वर्षाचं फिरणं आठ हजार किलोमीटर. लिटरला १४ धरलं, मोटरमुळे साडेसहा टक्के जास्त: ३५ लिटर पेट्रोल, ३,६०० रुपये. दिल्लीतल्या एका बैठकीने एका रात्रीत जेवढं वाचवलं, तेवढं वाचवायला पट्ट्याला दहा वर्षं फिरावं लागेल. त्यातही साडेसहा टक्के हे माझ्या सिग्नलांचे. सातारा-कोरेगाव रस्त्यावर वहिनी थांबणार किती वेळा?

बरं, 'हायब्रिड' असल्याची कराची सवलत? महाराष्ट्रात रोड टॅक्सला ही पेट्रोल गाडीच: दहा लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२. उलट मोटरवाल्या व्हेरियंटमुळे किंमत दहा लाखांची रेघ ओलांडत असेल तर टक्का वाढतो. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तोही स्ट्राँग म्हणजे पूर्ण हायब्रिड आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिडनाच. त्या यादीत ही नाही.

मग कंपन्या हे बसवतात तरी कशाला, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. उत्तर ग्राहकाच्या खिशात नाही, कंपनीच्या सरासरीत आहे. आपल्याकडे प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचा मिळून कार्बन डायऑक्साइड मोजतात. २०२२-२३ पासून ती मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आहे. युरोपात ९५ ग्रॅमचं बंधन आलं तेव्हा वरच्या प्रत्येक ग्रॅमला, प्रत्येक गाडीमागे, ९५ युरो दंड होता. लाखो गाड्या विकणाऱ्याला चाचणीतला प्रत्येक ग्रॅम सोन्यासारखा. वहिनीला तोच ग्रॅम साडेतीन चमच्यांचा.

१४ सप्टेंबर, रविवार

काकांसारखी चालवून पंधरा दिवस: ५१२ किमी, ३३.० लिटर. ॲव्हरेज १५.५. आधी १४.६ होतं. मोटरने जेवढं दिलं तेवढंच पायानेही दिलं. विसर्जनाच्या आठवड्यात गर्दी कमी-जास्त होती, म्हणून छाती पुढे काढून सांगत नाही. काकांना मात्र सांगितलं. सुपारी कातरणं थांबलं नाही.

संध्याकाळी दादा आणि वहिनी दोघांनाही व्हिडिओ कॉलवर घेतलं. ऑनरोड फरक एक लाख तीस हजार. मी म्हटलं, सगळा फरक मोटरचा नाही, वरच्या व्हेरियंटला आणखी दहा गोष्टी मिळतात. वहिनी, तुम्ही एकेक वस्तू बाजारात वेगळी विकत घेताय असं समजा, प्रत्येकीला किती द्याल ते सांगा. उरेल ती मोटरची किंमत.

मागचा कॅमेरा पंधरा हजार. स्वतःहून थंड-गरम होणारा एसी, पाच हजार, "तोही दादांच्या हट्टासाठी." सनरूफ, शून्य. "साताऱ्याच्या पावसात?" उंची बदलणारी ड्रायव्हर सीट आली, तेव्हा वहिनी थांबल्या. त्यांची उंची चार फूट अकरा इंच. खालच्या व्हेरियंटमध्ये टेस्ट ड्राइव्ह घेतली तेव्हा बॉनेटचं टोक दिसत नव्हतं, दादाने उशी आणून दिली होती. "त्याला किंमत नाही हो. ती हवीच."

दादा म्हणाला, किंमत नाही म्हणजे हिशेब संपला.

तरी मी माझा शेवटचा आकडा सांगितला. सीट वगैरे सोडून मोटरच्या नावावर समजा चाळीस हजार पडले, तर वर्षाला ३,६०० वाचणार, त्यातून महाग बॅटरीचे सहाशे वजा, उरले तीन हजार. तेरा वर्षं. ते व्याज न धरता. मोटरसाठी म्हणून एक रुपया जास्त देऊ नकोस. सीटसाठी घे, मोटर सोबत येते तर येऊ दे.

"आणि सीएनजी?" दादाने विचारलंच. ब्रेझाचे आकडे पुढे ठेवले: किलोला २५.५१, सीएनजीचे जास्तीचे ९५ हजार. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला, ९० रुपये किलोने, ९५ हजार सव्वातीन वर्षांत परत मिळतात. आठ हजार चालवणाऱ्याला पाच वर्षं. दोन्हींपुढे मोटर कुठेच नाही. पण डिकीत सिलिंडर येतो, आणि दर रविवारी दादा आडतीवर भाजीची पोती डिकीतूनच नेतो. शिवाय पंपावरची रांग. सीएनजी तिथेच बाद.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. दादाचा फोटो आला: वरचा व्हेरियंट, हार घातलेला, वहिनी स्टिअरिंगवर, सीट पूर्ण वर. मागच्या काचेच्या कोपऱ्यात 'हायब्रिड'ची पट्टी. दादाने त्या पट्टीचा वेगळा क्लोजअप पाठवलाय. इतकं सगळं सांगूनही.

१२ ऑक्टोबर, रविवार

वहिनीचा फोन. आवाज घाबरलेला. "अहो, नवीन गाडी आहे ना ही? काल पोवई नाक्यावर माझ्या मागे एसटी उभी, आणि गाडी बंदच पडली. मी न्यूट्रलला टाकून पाय काढला तर बंद. क्लच दाबला तर आपोआप चालू. दोनदा झालं."

मी म्हटलं, वहिनी, तीच ती मोटर. बंद पडत नाही, बंद करते. पेट्रोल वाचवते.

"किती वाचतं?"

एका वेळेला दीड-पावणेदोन रुपये, म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारलं, "बंद करायचं बटण कुठे असतं?"

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, गोल बाण आणि त्यात इंग्रजी ए. दर वेळी गाडी सुरू केली की पुन्हा दाबावं लागतं. त्यांनी फोन चालू ठेवूनच खाली जाऊन दाबून बघितलं.